खांबांनी ऐकलेलं

माझी बायको संघमित्रा मंगळवारी सकाळी वारली. ती कशी वारली हे मला पुढच्या रविवारी कळलं, तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी.

कार्यक्रम आमच्या टाउनशिपच्या हॉलमध्येच ठेवला होता. भंतेजी येऊन गेले होते, त्रिशरण-पंचशील झालं होतं. तिच्या शाळेतल्या दोन जुन्या शिक्षिका बोलल्या. मग माझ्या मुलीने, आम्रपालीने, पडद्यावर एक जुनी चित्रफीत लावली. संघमित्रा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली तेव्हाचं तिचं भाषण होतं. पडद्यावर ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि बोलायला लागली. ओठ हलत होते, हात हलत होते. हॉलमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं.

आमूने आवाज वाढवला. वायर काढून पुन्हा लावली. मागे बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी पिंपळापुरे उठून माझ्याजवळ आले आणि कानाशी म्हणाले, "मेश्राम साहेब, स्पीकर ठीक आहे. सिस्टिम आवाज ओळखते नं. मॅडम गेल्या हे तिच्यात अजून टाकलं नाही. उद्या ऑफिस उघडलं की मी सांगतो."

आम्ही ती चित्रफीत तशीच मुकी पाहिली. बंद करायचं कोणाला सुचलं नाही. शेवटी शाळेतली मुलं टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या मात्र ऐकू आल्या.

जेवण वाढायला घेतलं तेव्हा सुनंदा उईके मागच्या दाराने आली. सुनंदा टाउनशिपच्या बागेची झाडलोट करते. मंगळवारी तळ्यामागच्या नाल्यात संघमित्रा पडलेली तिलाच दिसली होती. ती अगदी माझ्या खांद्याला लागून उभी राहिली. तिला कोणाशी बोलायचं असलं की असंच उभं राहावं लागतं. का, ते पुढे सांगतो.

"काका, एक सांगू का? पोलीस आले तवा मले कोणी इचारलं नाही."

"सांग."

"मी खाली उतरली तवा बाई जित्या होत्या. पाणी मागतलं त्यायनं. पण आवाजच नव्हता. पार बसला होता. लई वेळ ओरडलं की बसते नं, तसा."

मांडीचं हाड मोडलं आणि आतल्या आत रक्त गेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी समजत होतो की ती पडली, शुद्ध हरपली आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये गेली. नाल्याच्या वर मेंदीचं दाट कुंपण आहे आणि कुंपणाला लागून चालायचा ट्रॅक. सकाळी तिथे माणसांची रीघ असते.

मी सुनंदाला विचारलं, "म्हणजे ती ओरडत होती?"

"मले का माहीत काका. मले तरी कुठं आइकू येते."

आमची टाउनशिप नागपूरच्या बाहेर, महामार्गाला लागून आहे. तिचं खरं नाव मी लिहीत नाही, नीरव नगरी म्हणतो. फ्लॅट आम्रपालीने घेतला, आमच्यासाठी; ती स्वतः हैदराबादला असते. मी एसटीत कंडक्टर होतो. स्टँडवर गावांची नावं ओरडण्यात माझं आयुष्य गेलं. संघमित्रा एका खोलीत दोन वर्ग शिकवायची. आमच्या दोघांचेही आवाज मोठे. आमच्या घरात कुजबुज अशी कधी झालीच नाही. आमू लहानपणी म्हणायची, तुमचं प्रेमाचं बोलणं पण शेजाऱ्यांना भांडण वाटते.

महामार्गाच्या इतक्या जवळ कोणी फ्लॅट का घेईल? तर तिथे ट्रकचा आवाज येत नाही म्हणून. कंपनीने रस्त्यांवर, बागेत, हॉलमध्ये, सगळीकडे राखाडी खांब उभे केले होते. ते काय करतात हे आमूने मला पहिल्या दिवशी चहाच्या बशीवरून समजावलं होतं. आवाज म्हणजे हवेचं दाबणं आणि सैल होणं. बशीतल्या चहावर जशा लाटा उठतात, तशा हवेत उठतात. एका लाटेचा उंचवटा जिथे येतो तिथेच दुसरीचा खड्डा आणून बसवला, तर चहा सपाट राहतो. हवेचंही तसंच. आवाजाच्या बरोबर उलटा आवाज त्याच क्षणी कानापाशी पोचवला तर कानाला काहीच लागत नाही. कानात घालायच्या यंत्रांमध्ये ही युक्ती जुनीच आहे. मोकळ्या हवेत ती जमत नव्हती, कारण प्रत्येक कान वेगळ्या जागी असतो आणि माणूस हलत राहतो. खांबांना ते जमतं. प्रत्येक खांबावर माइक आहेत, कॅमेरे आहेत आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक स्पीकर. कोणाचा कान कुठे आहे हे खांबांना सतत दिसतं. आवाज हवेतून चालत येतो आणि तारेतून निरोप त्याच्या कितीतरी आधी पोचतो. तिकडे ट्रकने हॉर्न दिला की तिकडचा खांब तो ऐकतो, तुमच्याजवळच्या खांबाला कळवतो, आणि हॉर्न तुमच्यापर्यंत येतो तेव्हा त्याचा उलटा आवाज तुमच्या कानापाशी तयार असतो.

फक्त अगदी जवळून कोणी बोललं तर खांबांना वेळ पुरत नाही. हातभर अंतरावरचं बोलणं ते अडवू शकत नाहीत. घराच्या आतही ते पोचत नाहीत. बाल्कनीपर्यंत पोचतात.

पहिले काही महिने आम्ही खूश होतो. ट्रक नाही, वरातीचा डीजे नाही, कुत्र्यांचं भुंकणं नाही. झाडावरचा सातभाई मात्र ऐकू यायचा, कारण पक्षी कंपनीने चालू ठेवले होते. संघमित्रा म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा मी डोकं न दुखता झोपली."

मग मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये एक बटण आलं. फोनवर जसं एखाद्याला ब्लॉक करतात तसं इथे माणसाचा आवाज ब्लॉक करता येऊ लागला. ज्याचं बोलणं नको त्याच्या नावावर बोट ठेवायचं. तो हातभर अंतराच्या पलीकडे गेला की तुमच्यापुरता मुका. पुष्कळ रहिवाशांनी एकाच माणसाला ब्लॉक केलं, तर खांब त्याला सगळ्यांसाठी बंद करत. सुरुवातीला लोकांनी याचा वापर रोज उठून वास्तुशास्त्र सांगणाऱ्या एका गृहस्थांवर केला, आणि खरं सांगायचं तर आम्हीही केला. सगळे हसले. ते गृहस्थ पुढे फ्लॅट विकून गेले.

त्यानंतर बाहेरून कामाला येणाऱ्यांचे आवाज बंद झाले. धुणीभांडी करणाऱ्या, झाडूवाल्या, वॉचमन, सामान आणून देणारी पोरं. याला कंपनीने सेवा-शांतता असं नाव दिलं. रहिवाशांच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला, हात वर झाले. मी त्या सभेला गेलो नव्हतो. सकाळी गेटवर बायका मोठ्याने बोलतात अशी तक्रार होती.

त्या बायकांना कोणी सांगितलं नाही. त्यांना वाटलं आपले कान गेले. सुनंदा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाऊन कान तपासून आली. तिथल्या डॉक्टरीणबाईने सांगितलं, कान चांगले आहेत. मग तिला वाटलं आपल्याला काही बाहेरचं लागलंय.

संघमित्राला हे कळलं ते दुपारी कडुनिंबाखाली सुनंदा आणि तिच्यासोबत झाडणारी गोदावरी डबा खाताना दिसल्या तेव्हा. दोघींनी डोक्याला डोकं लावलं होतं. तिला वाटलं, कोणी रडतेय. जवळ गेली तर त्या भाजीच्या भावावर बोलत होत्या.

घरी आली ती चप्पल न काढता स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच मला म्हणाली, "अहो, माझ्या वर्गात पोरं गप्प बसली की मी घाबरायची. काहीतरी झालं म्हणून. आणि इथे गप्प बसवायला आपण पैसे भरून राहिलो."

पुढच्या सभेत ती उभी राहिली. पिंपळापुरे वाईट माणूस नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, त्यांना बोलायला कोणी मनाई केली? बोलू द्या नं. आपण फक्त ऐकत नाही. न ऐकायचा हक्क आपल्याला आहे की नाही?"

"तुम्हाला आहे," ती म्हणाली. "पण सुनंदाने गोदावरीला हाक मारली तर ती गोदावरीने ऐकायची की नाही, हे तुम्ही कोण ठरवणार?"

"जागा आपली आहे मॅडम. रस्ता आपला, बाग आपली. हा काही सरकारी रस्ता नाही."

"सरकारी असता तर बरं झालं असतं. मनाई तरी झाली असती. मनाईशी भांडता येतं."

तिने रहिवाशांच्या ऑनलाइन ग्रुपवर लिहिलं. ते निघून गेलं. नागपूरच्या एका मोठ्या ग्रुपवर लिहिलं. तिथून उत्तर आलं की खासगी जागेची बदनामी करणारा मजकूर ठेवता येत नाही. मग ती रोज संध्याकाळी गेटच्या आत उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायला लागली. एकेक करून लोकांनी नावावर बोट ठेवलं. एक दिवस तिच्या फोनवर संदेश आला: सामायिक जागेत आपला आवाज विरामात ठेवला आहे.

ती हसली. "शाळेत इतकी वर्षं पोरांनी प्रयत्न केला, जमलं नाही. यांनी कसं केलं बघा."

नंतर तिला त्याचा त्रास झाला. ती कोणाजवळ गेली की लोक थोडं मागे सरकायचे. भांडण नाही, वाईट शब्द नाही. नमस्कार करायचे, हसायचे आणि हातभर मागे व्हायचे. ती पुढे व्हायची, ते मागे. मी वरून बघायचो तर लांबून तो एखादा नाच वाटायचा.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती आणि ती मला बऱ्याचदा सांगायची. तिचा आवाज पुसायचा तर खांबांना तो आधी पूर्ण ऐकावा लागतो. प्रत्येक अक्षर, प्रत्येक श्वास. थोडं जरी चुकलं तर पुसलं जाणार नाही. "या कॉलनीत माझं सगळं बोलणं लक्ष देऊन ऐकणारे तेवढेच," ती म्हणायची. "तुम्हीसुद्धा अर्धंच ऐकता."

मग पाल पडली. बागेतल्या बाकावर बसली असताना वरून तिच्या खांद्यावर पाल पडली आणि ती किंचाळली. आजूबाजूची सगळी माणसं धावत आली. संकटाची हाक खांब अडवत नाहीत, तसा नियम होता. आग लागली, कोणी बुडालं, हल्ला झाला, तर आवाजातली भीती यंत्र ओळखतं आणि थोडा वेळ त्या माणसाच्या आवाजाची वाट मोकळी ठेवतं. पाल केव्हाच निघून गेली होती. ही उभी राहिली. समोर इतकी माणसं, आणि ती तिला ऐकू शकत होती. तिने लगेच सांगून टाकलं की सुनंदाची मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा गेटवरून निरोप ओरडून द्यायला माणूस होता, पण तो सुनंदाला ऐकू गेला नाही.

त्यानंतर ती मुद्दाम करायला लागली. तळ्याच्या काठावर उभी राहायची, "वाचवा, वाचवा" म्हणून जीव तोडून ओरडायची, आणि माणसं चपला हातात घेऊन धावत आली की त्यांच्याशी बोलायची.

"अगं बाई, काय झालं तुम्हाला?"

"मला काही नाही झालं. कामाला येणाऱ्या बायकांना झालंय. जरा थांबा, ऐका."

सुनंदा आणि गोदावरीने विचारलं, आम्ही पण ओरडू का? तिने त्यांना मनाई केली. "तुमचं काम जाईल. माझं काय जाते."

अशी एकदा धावताना तळमजल्यावरच्या वयस्कर देवपुजारी काकांची छाती दुखली. त्यांना काही झालं नाही, पण तक्रार झाली आणि ती बरोबर होती असं मलाही वाटलं. कंपनीने पत्र पाठवलं. संकटाच्या सवलतीचा गैरवापर झाल्याने आपल्या आवाजासाठी ती सवलत एक वर्ष बंद करण्यात येत आहे.

मी म्हटलं, "आता जरा जपून चालत जा."

"चालायला काय होते? तोंडाने चालते का मी?"

नंतर त्या मंगळवारी सकाळी ती फोन घरीच ठेवून सुनंदाला शोधत तळ्यामागे गेली. पाऊस होऊन गेला होता, माती निसरडी होती.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि आमू कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथे ईशानी नावाची मुलगी होती, आमूपेक्षा लहान. तिने पाणी दिलं, माझा हात धरून खुर्चीत बसवलं.

मी विचारलं, "माझी बायको त्या सकाळी ओरडत होती का?"

तिने स्क्रीनवर त्या सकाळची नोंद उघडली. "काका, तिथल्या खांबांनी आवाज टिपलेला आहे."

"किती वेळ?"

"ते मला सांगता येणार नाही."

"तू ऐकलंस?"

"नाही काका. आम्हाला ऐकता येत नाही. इथलं कोणीच ऐकत नाही. यंत्र ऐकतं, उलटा आवाज पाठवतं आणि ठेवून देतं. काही महिन्यांनी ते आपोआप पुसलं जातं."

"मला ऐकायचं आहे."

ती म्हणाली की ते कंपनीच्या मालकीचं आहे. फ्लॅटच्या मालकाला किंवा जवळच्या नातेवाइकाला एकदा ऐकवता येईल, इथेच, या खोलीत. त्याआधी एका करारावर सही करावी लागेल. जे ऐकलं ते कोणालाही सांगायचं नाही. टाउनशिपमध्ये नाही, ऑनलाइन नाही, कोर्टात नाही, घरात नाही. आणि या घटनेवरून केस करायची नाही.

"आणि सही नाही केली तर?"

"तर तुम्ही मोकळे आहात काका. तुम्हाला जे बोलायचं ते बोला."

हे ती टोचून म्हणाली नाही. तिला खरंच तसं वाटत होतं.

मी गजभिये वकिलांकडे गेलो. संघमित्राच्या हाताखाली त्यांनी पाटी गिरवली होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. "सर, बोलण्याचं स्वातंत्र्य आपल्याला सरकारच्या विरुद्ध मिळालंय. सरकारने बाईंचं तोंड बंद केलं असतं तर मी उद्या हायकोर्टात उभा राहिलो असतो. इथे सरकार नाही. कंपनी म्हणेल, जागा आमची, हवा आमची, बाईंनी अटी मान्य केल्या होत्या. बोलू नका असं आम्ही कधीच म्हटलं नाही."

"माणूस मेला त्यात."

"त्यावर केस होते. निष्काळजीपणाची. पण ती हाका मारत होती हे सिद्ध कशाने करणार? सुनंदाने फक्त बसलेला घसा पाहिला. हाका त्यांच्याकडे आहेत."

त्यांनी अर्ज केला की कोर्टाने ते रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांगावं. कंपनीने उत्तर दिलं की त्यात ट्रॅकवरच्या इतर रहिवाशांचे खासगी संवाद आहेत. तारीख पडली. मग पुढची तारीख पडली, आणि ही तारीख रेकॉर्डिंग पुसलं जाण्याच्या दिवसानंतरची होती.

त्या आठवड्यात आमू हैदराबादहून आली. बॅग दारात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी सही करणार आहे."

"मग केस संपली."

"केस तशीही संपली. पुसल्यावर काय दाखवणार तुम्ही कोर्टाला?"

"पुसू दे. लोकांना कळेल की पुसलं."

"लोक मागे सरकतील बाबा. तुम्हीच सांगितलं नं, कसे सरकतात ते." ती खाली बसली. "मला आईचा आवाज ऐकायचाय. शेवटचं ती काय म्हणाली ते. तुम्हाला नाही का वाटत?"

"मलाही तोच ऐकायचाय. पण एकट्याने खोलीत बसून नाही. तिचं म्हणणंच ते होतं."

"आईचं म्हणणं मला नका सांगू. आईच्या म्हणण्यापायीच आई नाल्यात पडून होती. हा फ्लॅट मी घेतला. अटींवर मी टिचकी मारली, एकही न वाचता. तुमचं जे काही दुःख आहे नं बाबा, त्यात माझं एवढं तरी राहू द्या."

मला राग आला होता, आणि तिच्या जागी ती बरोबरही वाटत होती. त्याच दुपारी तिने सही केली. मी ऑफिसच्या बाहेर बाकावर बसलो. आत जाताना तिने एकदा वळून पाहिलं. मला अजूनही उठून जाता आलं असतं. दुसरा कागद ईशानीने तयारच ठेवला होता. मी उठलो नाही. मी सही केली असती तर संघमित्राबद्दल मला पुन्हा कधी कोणाशी बोलता आलं नसतं, आणि बोलण्याशिवाय मी तिच्यासाठी काय करू शकत होतो?

आमू खूप वेळाने बाहेर आली. किती वेळाने ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर संघमित्रा किती वेळ ओरडत होती याचा अंदाज आला असता, म्हणून पाहिलं नाही. ती माझ्याजवळ बसली. अगदी जवळ, खांद्याला खांदा लावून.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"सही केलीय बाबा."

मी थांबलो. आम्ही हातभर अंतराच्या आत होतो. ती माझ्या कानात काहीही सांगू शकली असती. घरी जाऊन दार लावून सांगू शकली असती. हैदराबादहून फोनवर, एखाद्या जंगलात नेऊन, कुठेही. कंपनीला कधीच कळलं नसतं. आमू काही सह्यांना घाबरणारी मुलगी नाही. लहानपणी परीक्षेत मैत्रिणीला उत्तरं सांगताना पकडली गेली होती आणि बाईंच्या देखत उरलेलं उत्तर पूर्ण करून मग उभी राहिली होती.

"आमू."

"नका विचारू नं बाबा."

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. रेकॉर्डिंग पुसलं गेलं तसं पत्रही आलं. गजभिये वकिलांनी मला विचारून केस मागे घेतली, कारण घराची मालकीण आमू, करार तिने केलेला, आणि पुढे गेलो तर करार मोडल्याबद्दल कंपनी तिच्यावर आली असती.

मी ऑनलाइन लिहिलं, ते संध्याकाळपर्यंत राहिलं नाही. सर्वसाधारण सभेत उभा राहून बोललो. माझं निम्मं बोलून झालं तेव्हा पिंपळापुरे मान खाली घालून बसले होते आणि मागच्या रांगेत लोक फोनवर बोट टेकवत होते. मी वाक्य पूर्ण केलं. कोणापर्यंत पोचलं ते कळायला मार्ग नव्हता. आता मीही बंद आहे. सकाळी दूधवाल्याला हाक मारली तर त्याला कळत नाही. तोही बंद, मीही बंद. आम्ही हातांनी बोलतो. सुनंदा भेटली की खांद्याला लागून उभी राहते आणि जेवलात का विचारते. रहिवाशांपैकी तिच्याशी बोलायला आता दुसरं कोणी नाही, आणि माझ्याशीही.

हे मी कागदावर लिहून शहरातल्या एका मासिकाला देतो आहे. यात रेकॉर्डिंगमधलं काही नाही, कारण मी ते ऐकलेलं नाही.

आमू आता रोज फोन करते. पूर्वी आठवड्यातून एकदा करायची. भाजी काय केली विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते. गेल्या महिन्यात असंच बोलता बोलता तिने विचारलं, "बाबा, त्या दिवशी सकाळी तुम्ही कुठे होता?"

"बाल्कनीत. पेपर वाचत होतो."

"दार उघडं होतं?"

"उघडंच असतं."

आमची बाल्कनी तळ्याच्या बाजूला आहे. मधल्या झाडांमुळे नाला दिसत नाही. पण मधे दुसरी इमारत नाही. जुन्या घरी ती चौकातल्या दुकानातून हाक मारायची, अहो पिशवी टाका, आणि मी आतल्या खोलीतून उठायचो. त्याच्या निम्मंही अंतर नसेल.

आमू म्हणाली, "गॅसचा पाइप बदलून घ्या. जुना झालाय."

मी बदलून घेतला.

कामाला येणाऱ्या बायकांचे आवाज अजून बंद आहेत. संघमित्राचं नाव यंत्रातून काढतो म्हणाले होते, तेही काढलेलं नाही. हॉलमध्ये ती चित्रफीत अजून मुकीच आहे. आणि आई त्या सकाळी कोणाला हाका मारत होती, हे मी आमूला विचारलेलं नाही.